अकाउंट्सच्या अनुभवावर कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळतो का? सुरुवात कुठून करावी?

तुमचं वय ३१, लग्न झालेलं नाही, वाणिज्य शाखेची पदवी, त्यानंतर सहा वर्षं एकाच कंपनीच्या अकाउंट्स विभागात, हुद्दा ‘सीनिअर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह’. कॅनडा बरा की ऑस्ट्रेलिया, आणि एजंट धरावा का, असं तुम्ही विचारलंय. मी याच कामाच्या जोरावर ऑस्ट्रेलियाचा पीआर घेतलाय, आणि नंतर ओळखीतल्या काहींचे कॅनडाचे कागद जुळवून दिलेत, त्यावरून सांगते.

मिळतो. पण देश ठरवायच्या आधी आपण रोज नेमकं काय काम करतो ते एका कागदावर लिहून काढा. हुद्द्याला दोन्हीकडे फारशी किंमत नाही. कॅनडाच्या एनओसी यादीत, म्हणजे व्यवसायांच्या सरकारी यादीत, ऑडिटर आणि अकाउंटंट १११०० मध्ये, बुककीपर आणि अकाउंटिंग टेक्निशियन १२२०० मध्ये आणि अकाउंट्सचे क्लार्क १४२०० मध्ये येतात. पहिल्या दोघांना एक्स्प्रेस एन्ट्रीचं, म्हणजे गुणांवर पीआर देणाऱ्या योजनेचं, दार उघडं आहे, तिसऱ्याला नाही. तुमचा ‘सीनिअर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह’ या तिन्हींपैकी कुठेही बसू शकतो. दिवसभर बिलं चढवणं आणि पेमेंट सोडणं एवढंच काम असेल तर तो क्लार्कच धरला जाईल, हुद्द्यात ‘सीनिअर’ असो वा नसो.

म्हणून सगळ्यात जास्त जीव कंपनीच्या पत्रात घाला. एचआर सहसा दोन ओळी देतं: ‘अमुक तारखेपासून कार्यरत, वर्तणूक समाधानकारक.’ असलं पत्र काही कामाचं नाही. कॅनडाला लेटरहेडवर हुद्दा, कामांची यादी, आठवड्याचे तास, वर्षाचा पगार आणि इतर लाभ असं सगळं सहीसकट लागतं. कामं कशी लिहायची? ‘खाती सांभाळली’ असं मोघम नको. ‘दर महिनाअखेरीस खाती बंद करणे, घसारा आणि तरतुदींच्या जर्नल नोंदी करणे, बँक खात्यांचा ताळमेळ घालून फरकांचा पाठपुरावा करणे, तिमाही आकडे बजेटशी ताडून फायनान्स मॅनेजरला अहवाल देणे, ऑडिटरसाठी शेड्यूल्स तयार करून त्यांच्या शंकांना उत्तरं देणे’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला माणूस टेबलावर बसलेला दिसतो. मसुदा स्वतः करून एचआरला द्या, त्यांनाही ते सोयीचं पडतं. फक्त सरकारी यादीतली वाक्यं जशीच्या तशी उचलू नका. तपासणारे तीच वाक्यं दिवसभर वाचत असतात.

मग पत्र, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि टॅक्सचे कागद शेजारी ठेवून टॅली करा. जगाची खाती जुळवणारे आपण, पण स्वतःच्या फायलीत रुजू झाल्याची तारीख दोन कागदांवर दोन निघते. हे फरक आधीच शोधा आणि खुलासा जोडा.

आता ऑस्ट्रेलिया. तिथे व्हिसाआधी स्किल असेसमेंट, म्हणजे शिक्षण-कौशल्याची तपासणी, करून घ्यावं लागतं. आपल्या कामासाठी ते तीन संस्था करतात: सीपीए ऑस्ट्रेलिया, चार्टर्ड अकाउंटंट्स ऑस्ट्रेलिया अँड न्यूझीलंड आणि इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अकाउंटंट्स. इथे पदवीचे विषय त्यांच्या चौकटीशी ताडले जातात आणि बऱ्याचदा नुसत्या गुणपत्रिकेवर भागत नाही, विद्यापीठाचा अभ्यासक्रमही मागतात. तो मिळवायला वेळ जातो, आजच अर्ज करून ठेवा. टॅक्स अकाउंटंटचा कोड घ्यायचा तर ऑस्ट्रेलियन करकायदा शिकलेला लागतो, त्यामुळे तुम्ही जनरल अकाउंटंट, म्हणजे २२११११ कडेच बघा.

गुणांचा हिशेब तुमच्यापुरता मांडते. वयाचे ३०, पदवीचे १५, ऑस्ट्रेलियाबाहेरच्या पाच ते सात वर्षांच्या अनुभवाचे १०, अविवाहित असल्याचे १०. झाले ६५. किमान मर्यादाही ६५च, म्हणून लोक इथे खूश होतात आणि फसतात. अकाउंटंटची रांग लांब असते. १८९ व्हिसाचं (राज्याच्या नामांकनाशिवाय मिळणारा पीआर) अर्जाचं आमंत्रण मर्यादेच्या बऱ्याच वर अडतं, ८५ सुद्धा कमी पडू शकतात. तुमच्या हातात उरतं ते इंग्रजी: आयईएलटीएसच्या चारही भागांत ७ आले तर १० गुण, चारही भागांत ८ आले तर २०. राज्याचं नामांकन मिळालं तर १९० या व्हिसाला ५ आणि ४९१ या व्हिसाला १५ गुणांची भर पडते. ४९१ मात्र तात्पुरता व्हिसा आहे, ठरलेल्या प्रादेशिक भागात राहावं लागतं आणि तीन वर्षांनी पीआरचा अर्ज करता येतो. मला विचाराल तर अकाउंटंटने ४९१ ला नाक मुरडू नये. वयाचे गुण ३३ व्या वाढदिवशी ३० वरून २५ होतात, हे मात्र डोक्यात ठेवा.

कॅनडात व्यावसायिक संस्थेचं असेसमेंट लागत नाही, पदवीचं मूल्यांकन पुरतं. तेवढंच सोपं. पुढे १२०० पैकी गुणांची शर्यत आहे, आणि तिथे वयाचे गुण तिशीपासून दर वाढदिवसाला पाच-सहाने घटत जातात. नोकरीच्या ऑफरचे गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले. ठरावीक क्षेत्रांसाठी ज्या वेगळ्या सोडती (आमंत्रणाच्या फेऱ्या) होतात त्यांत अकाउंटिंगला जागा मिळालेली नाही; फ्रेंच येणाऱ्यांसाठी मात्र वेगळ्या सोडती होतात. प्रांताने निवडलं तर ६०० गुण मिळतात आणि काम जवळपास झालंच. परीक्षा देताना घोळ नको: कॅनडासाठी आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग लागते, ऑस्ट्रेलियाच्या असेसमेंटसाठी अ‍ॅकॅडमिक. तुमच्या जागी मी अ‍ॅकॅडमिकपासून सुरुवात केली असती, कारण ८ येतात की नाही यावरच ऑस्ट्रेलियाचा विचार करायचा की नाही ते ठरेल.

आणखी एक. पीआर म्हणजे काम करायची मुभा, ऑडिटवर सही करायची नाही. त्यासाठी तिथल्या संस्थेचं सदस्यत्व, परीक्षा, परवाना हे सगळं वेगळं. पहिली नोकरी इथल्यापेक्षा एखादी पायरी खालची मिळू शकते, तेवढ्या महिन्यांची पुंजी गाठीशी ठेवा.

एजंटचं म्हणाल तर तो गुण वाढवू शकत नाही. फॉर्म तुम्ही स्वतः भरू शकता. जुना व्हिसा नाकारलेला असेल किंवा नोकरीत मोठा खंड असेल, तर सल्लागार जरूर घ्या, पण नोंदणीकृत: कॅनडासाठी आरसीआयसी (तिथला परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार), ऑस्ट्रेलियासाठी मारा (तिथली एजंटांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी असलेला. ‘कामं जरा वाढवून लिहू’ म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा. खोटी माहिती सापडली तर कॅनडात पाच वर्षांची बंदी आहे, ऑस्ट्रेलियात तीन वर्षांची, आणि ती एजंटवर नाही, अर्जदारावर येते. अर्जाचं ऑनलाइन खातं एजंटने उघडलं तरी पासवर्ड आणि ईमेल तुमचाच ठेवा. आमंत्रण आल्यावर पूर्ण अर्ज करायला दोन्हीकडे ६० दिवसच मिळतात, आणि तो मेल त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिलेला परवडत नाही.