मेजेद हा खरा इजिप्शियन देव आहे की जपानी अ‍ॅनिमेवाल्यांनी रचलाय? आणि ही देवाची टिंगल नाही का?

खरा आहे. कोणी मुद्दाम रचला असता तर जरा तरी देवासारखा दिसला असता! 'ओह, सडनली इजिप्शियन गॉड' या २०२० च्या अ‍ॅनिमेतलं ते पांढरं ध्यान जवळपास तीन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रातून उचललंय.

ते चित्र आहे ग्रीनफील्ड पपायरसवर (पपायरस म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला जुना इजिप्शियन कागद). थीब्सच्या अमून देवाचा मुख्य पुजारी दुसरा पिनेजेम, त्याच्या मुलीसाठी लिहिलेली ही 'मृतांच्या ग्रंथा'ची, म्हणजे मेलेल्याला परलोकात उपयोगी पडणाऱ्या मंत्रांच्या संग्रहाची प्रत. लांबी तब्बल ३७ मीटर, सध्या ब्रिटिश म्युझियमकडे. त्यात हा उभा आहे: वर घुमटासारखा गोल, हात नाहीत, तोंड नाही. उघडे पाय इजिप्शियन रिवाजाप्रमाणे एका बाजूला वळलेले, डोळे मात्र थेट आपल्यावर रोखलेले. डोक्यावरून चादर ओढून पोरं भूत-भूत खेळतात ना, डिट्टो तसा.

माहिती म्हणाल तर चिमूटभर. या ग्रंथाच्या सतराव्या मंत्रात येतं की हा मृतांचा देव ओसिरिस याच्या घरचा, डोळ्यातून मारा करणारा, पण स्वतः कोणाला न दिसणारा. संपलं. त्याची म्हणून एक पुराणकथा नाही. (न दिसणारा म्हणूनच चित्रकाराने झाकून टाकला असेल, असा आपला माझा तर्क.)

अ‍ॅनिमेवाल्यांचं फावलं ते इथेच. अनुबिस किंवा होरस घ्यायचा तर त्याच्यामागे भाऊबंदकी, खून, सूड असं सगळं लटांबर येतं. मेजेदची पाटी कोरी, हवा तो स्वभाव चिकटवा. चाहते त्याच्या डोळ्यांतून लेझर सोडतात तेव्हा लोक हसतात, पण मूळ मंत्राच्या सगळ्यात जवळ तेच जातं.

जपानमध्ये हे वेड शिरलं २०१२ मध्ये. तोक्यो आणि फुकुओकाच्या प्रदर्शनांत हा पपायरस मांडला होता. लोकांनी इतके देव सोडून नेमका हाच उचलला आणि नेटवर त्याची चित्रं फिरायला लागली. पुढे 'पर्सोना ५' या गेममधल्या हॅकर टोळीलाही त्याचंच नाव मिळालं.

टिंगल म्हणाल तर मला नाही वाटत. बाकीच्या देवांना गोंडस करायला त्या मंडळींना मेहनत पडली असेल, याच्या बाबतीत ते काम पुजाऱ्याच्या मुलीच्या चित्रकाराने आधीच करून ठेवलं होतं.