तळे परके, पक्षी ओळखीचे

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून गेली आठ वर्षे हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला जाते. येत्या मे महिन्यात सहा महिन्यांसाठी मुलीकडे, कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटला जाणार आहे. तिच्या घराजवळ मोठे तळे आणि हिरवळ आहे. तेथील पाणपक्षी व जमिनीवर चरणारे पक्षी मला अजिबात ठाऊक नाहीत. सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ‘अजिबात ठाऊक नाहीत’ असे आपण लिहिले आहे, ते मला मान्य नाही. नांदूर मध्यमेश्वरला, गोदावरी-कादवाच्या संगमावर, आपण थापटे, तलवार बदके आणि गढवाल ही जी रानबदके पाहता, त्याच जातींचे पक्षी उत्तर अमेरिकेतही आहेत आणि शरद ऋतूत ते उत्तरेकडून कॅलिफोर्नियात उतरू लागतात. म्हणजे परतण्यापूर्वी आपली त्यांच्याशी भेट होण्याचा चांगला संभव आहे.

तळ्यावर प्रथम वारकरी (कूट) हा पाणपक्षी शोधावा. अमेरिकी वारकऱ्याची जात वेगळी असली, तरी काळसर अंग आणि पांढरी चोच पाहून आपण त्याला लगेच ओळखाल. मात्र आपल्याकडच्या वारकऱ्याच्या कपाळावर जो ठसठशीत पांढरा टिळा असतो, त्याच्या जागी तेथे तांबूस-तपकिरी लहानसा ठिपका असतो आणि चोचीच्या टोकाजवळ गडद पट्टा दिसतो. तो काठावर आला की पाय जरूर पाहावेत. बदकासारखा सलग पडदा त्याच्या बोटांना नसतो, तर प्रत्येक बोटाला कातडीच्या वेगवेगळ्या पाळ्या असतात.

मॅलार्ड बदकाच्या बाबतीत आपली फसगत होण्याची शक्यता आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पुस्तकातील नर हिरव्या डोक्याचा, गळ्यात पांढरी रेघ असलेला दिसतो. परंतु विणीनंतर, उन्हाळ्यात, तो ही पिसे टाकून मादीसारखा तपकिरी होतो आणि पंखांची उड्डाणपिसे एकदमच गळल्यामुळे काही आठवडे त्याला उडताही येत नाही. जुलैमध्ये तळ्यावर सगळ्या माद्याच दिसल्या, तर चोच पाहावी : नराची पिवळसर, मादीची नारिंगी आणि त्यावर काळपट डाग. आवाजही उपयोगी पडतो, कारण ‘क्वॅक-क्वॅक’ अशी मोठी हाक मादीची असते. नराचा स्वर हळू आणि घोगरा असतो.

कॅनडा हंस ओळखायला अवघड नाही. काळी लांब मान आणि हनुवटीखालून गालांपर्यंत गेलेला पांढरा पट्टा एवढे पुरे. मे महिन्यात त्याच्याजवळ पिले असतील, तर मात्र अंतर ठेवावे; तो मान खाली घालून, फुत्कारत अंगावर येतो. काठावर निश्चल उभा असलेला ‘ग्रेट ब्लू हेरॉन’ आपल्या राखी बगळ्याहून थोराड असतो आणि त्याच्या मांड्या विटकरी रंगाच्या असतात.

जमिनीवरच्या पक्ष्यांत मला सर्वांत प्रिय आहे तो ‘किलडीअर’. तो आपल्या टिटवीच्याच कुळातला असून तिच्याप्रमाणेच खडीवर, कधी वाहनतळाच्या कडेलाही, उघड्यावर अंडी घालतो. छातीवरचे दोन काळे पट्टे ही त्याची खूण. कोणी घरट्याजवळ गेले की तो एक पंख मोडल्यासारखा जमिनीवर घसटत, शेपटीकडचा नारिंगी भाग दाखवत त्याला घरट्यापासून दूर नेतो. हे दृश्य दिसले, तर त्याच्यामागे न जाता आल्या वाटेने परत फिरावे, कारण अंडी अगदी आपल्या पायाजवळ असू शकतात.

हिरवळीवर चार पावले धावून थबकणारा, तांबूस छातीचा पक्षी म्हणजे अमेरिकी रॉबिन. नावावरून त्याला आपल्या चिरकाचा (इंडियन रॉबिनचा) भाऊ समजू नये. तो कस्तुराच्या कुळातला आहे. झुडपांच्या कडेने लाव्यासारखा थवा पळताना दिसला आणि डोक्यावर पुढे झुकलेला तुरा असेल, तर तो कॅलिफोर्निया क्वेल, म्हणजे १९३१ पासूनचा त्या राज्याचा राज्यपक्षी.

पहिले पंधरा दिवस रोज त्याच एका तळ्यावर जावे आणि पक्षी काय करतो हे आधी वहीत लिहून मगच नाव शोधावे. कॉर्नेल विद्यापीठाचे ‘मर्लिन’ हे मोफत ॲप आवाजावरून नाव सुचवते. तथापि ते मी स्वतः पाहून झाल्यावरच उघडतो आणि आपणही तसेच करावे, असे सुचवेन.

आणखी एक सूचना. आपल्याला पिसे जमवण्याची सवय असल्यास ती तेथे आवरावी लागेल. स्थलांतरित पक्ष्यांसंबंधीच्या १९१८ च्या कायद्यानुसार अमेरिकेत बहुतेक देशी रानपक्ष्यांची पिसे परवान्याविना बाळगता येत नाहीत, आणि अंगणात आपोआप गळून पडलेले पीसही त्याला अपवाद नाही.