रीफ टँकच्या (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या) वाळूवर लाल साय धरतेय, औषध टाकू का?

औषध शेवटी. हे शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया आहेत, म्हणजे प्रकाशावर जगणारे जीवाणू. दुपारनंतर सायीवर बारीक बुडबुडे दिसतात आणि नळी लावली की अख्खा पापुद्रा उचलून येतो, तेच ते.

आधी वरून कुठलं पाणी भरता ते सांगा. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात टँकवर पंखा लावला की पाणी भराभर उडतं. उडतं फक्त पाणी. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातलं फॉस्फेट, नायट्रेट मागेच राहून साठत जातं. माझं पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढलेलं होतं, तरी साय आली! त्यात टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवला तर ० ऐवजी १८. फिल्टरमधलं क्षार धरणारं रेझिन कधीच संपलं होतं.

साय नळीने ओढून काढा, त्याच पाण्यात पाणीबदलही उरकतो. जिथे परत धरते तिथे पॉवरहेडचं (टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाचं) तोंड वळवा. माशांचं खाणं कमी करा. पण नायट्रेट पार शून्यावर नेऊ नका, तेव्हाही सायनो माजतो. तरीही हटला नाही तर तीन दिवस दिवे बंद, एअर पंप मात्र चालू. एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने मरतो खरा, पण उपयोगी जीवाणूंनाही झळ बसू शकते, आणि मेलेली साय कुजताना ऑक्सिजन खाते.