स्टिकर का नाही लावत?

प्रिय निहार,

पाडव्याला मी ताटाभोवती रांगोळी काढत होते तेव्हा तू विचारलंस, "आई, तेच तेच परत काढायचं तर स्टिकर का नाही लावत?" मला ते जरा लागलं. तेव्हा नुसतं "बघू" म्हणाले. आता सावकाश लिहिते.

सांगलीला गावभागातल्या घरी तुझी पणजी चातुर्मासात देवापुढे रोज 33 गोपद्मं काढायची. गाईच्या खुरांचे ठसे, तीन-तीनच्या अकरा ओळी. कृष्णेचं पाणी चढलं की सगळे आयर्विन पुलावर बघायला पळायचे, पण पणजी ओळी पुऱ्या झाल्याशिवाय उठायची नाही.

मला तिनं शाळेत जायच्या आधीच शेजारी बसवलं. चिमटीतून रांगोळी नीट सुटायची नाही, म्हणून आधी चिंचोके आणि शेंगांची टरफलं. चिंचोका, टरफल, टरफल, हे एक घर. अशी तीन घरं मांडून पुढचं ती माझ्यावर सोडायची. चुकलं तर "चुकलं" म्हणायची नाही, विचारायची, "एक घर कुठं संपलं गं?" मग मधलंच काहीतरी तळहाताखाली झाकायची, "इथं काय होतं?" आणि तेच घर हातानं वाजवायला लावायची: टाळी, चुटकी, चुटकी. तुझ्या शाळेच्या कागदावर चौकोन, गोल, गोल बघितलं आणि ती आठवली. तू पुढे चौकोन-गोल, चौकोन-गोल असंच लावत गेलास ना? घर तिनाचं आहे हे दिसेपर्यंत मीही तसंच करायचे.

तुझ्या मामाला मात्र कुणी पाटावर बसवलं नाही. तो घाटावर खेळत असायचा. ते मला अजून पटत नाही. रोज काढलीच पाहिजे असंही मी म्हणणार नाही, मी स्वतः इथं सणालाच काढते. पण स्टिकर एकदा चिकटवला की संपलं. हातानं काढताना प्रत्येक घर पुन्हा मनात धरावं लागतं, आणि मला तेच आवडायचं. तुला आवडेलच असं नाही.

पणजीला कंटाळा यायचा का, ते मला सांगता येणार नाही. रविवारी सांगलीहून आजीचा फोन आला की तिला विचार. ती अजून रोज उंबऱ्यापुढे काढते. स्टिकरचंही विचार, ती रागावणार नाही.

तुझी,
आई