रंग ओघळू नये म्हणून : चेहरा रंगवण्याच्या स्पंजाविषयी वाचकांचे प्रश्न

शाळांची स्नेहसंमेलने आणि जत्रा यांचा हंगाम जवळ आला की मुलांचे चेहरे रंगवण्याविषयीची पत्रे येऊ लागतात. या वेळी खानदेशातून आलेल्या चार पत्रांत स्पंजाचीच अडचण मांडलेली असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात सातपुड्यातील प्राण्यांवर नाच बसवला आहे. मागच्या वेळी मुलांचे चेहरे वाघासारखे रंगवण्यासाठी भांडी घासायचा नवा स्पंज कापून वापरला. रंग गालावरून गळ्यात आणि तेथून पांढऱ्या सदऱ्यांच्या कॉलरपर्यंत ओघळला, चेहऱ्यावर मात्र भोकाभोकांचे ठसे उमटले. स्पंज कोणता घ्यावा आणि पाणी किती ठेवावे?
— एक शिक्षिका, चोपडा

उत्तर : ताई, ओघळ आणि ठसे या दोन्ही तक्रारींचे मूळ स्पंजाच्या छिद्रांत आहे. भांड्यांच्या स्पंजाची छिद्रे मोठी असतात. तो पाणी आत साठवून ठेवतो आणि गालावर जरा दाब पडला की सगळे एकदम सोडतो. रंग मात्र छिद्रांच्या कडांवरच राहतो, म्हणून कातडीवर जाळीसारखा ठसा उमटतो. शिवाय अशा काही स्पंजांवर जंतुरोधक रसायनाची प्रक्रिया केलेली असते, ती लहान मुलांच्या चेहऱ्यासाठी नव्हे. चेहऱ्यासाठी बारीक छिद्रांचा, दाट विणीचा मेकअपचा गोल स्पंज घ्यावा. बोटांनी दाबून सोडल्यावर तो लगेच मूळ आकारात आला पाहिजे आणि त्याच्या पृष्ठभागावर एकही भोक ठळकपणे दिसता कामा नये.

हा गोल स्पंज धारदार कात्रीने मधोमध कापून त्याचे दोन अर्धगोल करावेत. अर्धगोलाची वळलेली बाजू कपाळ आणि गाल यांसारख्या मोठ्या भागाला उपयोगी पडते, तर त्याच्या टोकाने नाकाची बाजू, भुवईची कड आणि ओठांचा कोपरा नीट भरता येतो. बाजारात मिळणारे त्रिकोणी स्पंज स्वस्त असतात आणि कामही देतात, पण त्यांपैकी काही लॅटेक्सचे, म्हणजे नैसर्गिक रबराचे असतात. ज्या मुलाला फुगा किंवा रबरी हातमोजा लागून खाज सुटते किंवा चट्टे उठतात, त्याच्यासाठी ते वापरू नयेत. समुद्रातून मिळणारा नैसर्गिक स्पंज खडबडीत पोत आणण्यासाठी, म्हणजे खडक, झाडाची साल किंवा अस्वलाची लव दाखवण्यासाठी चांगला आहे, परंतु सपाट रंगासाठी त्याचा उपयोग नाही. भिंतीवरचे डाग काढणारा पांढरा, हलका, खडूसारखा लागणारा मेलामाइनचा स्पंज मात्र चेहऱ्याजवळही आणू नये. तो वस्तुतः अतिशय बारीक पॉलिशपेपरासारखा घासतो आणि मुलांची कातडी त्याने सोलवटते.

आता पाण्याविषयी, कारण कॉलर वाचवायची असेल तर सर्वांत जास्त लक्ष येथेच द्यावे लागते. स्पंज वाटीतल्या पाण्यात बुडवू नये. पाण्याची लहान फवारणीची बाटली जवळ ठेवावी, स्पंजाच्या एकाच बाजूवर दोन-तीन फवारे मारावेत आणि ती बाजू रंगाच्या वडीवर गोल गोल, दाब न देता, दहा-पंधरा वेळा फिरवावी. रंग दुधावरच्या सायीइतका दाट झाला की तो चेहऱ्यासाठी तयार झाला असे समजावे. फेस आला तर पाणी जास्त झाले आहे. तो स्पंज सुती पंचात दाबून पाणी काढावे आणि वडीवर पुन्हा फिरवावा. रंग तुटक, पट्ट्यापट्ट्यांचा उमटत असेल तर पाणी कमी पडले आहे. अशा वेळी एकच फवारा मारून पाहावे. मुलाच्या गालाला हात लावण्यापूर्वी स्वतःच्या मनगटाच्या मागच्या बाजूवर एकदा थोपटून पाहण्याची सवय ठेवावी. तेथे पाण्याचा थेंब दिसला तर तोच थेंब पुढे कॉलरवर दिसणार आहे.

रंग घासून लावू नये, थोपटून लावावा. घासल्याने खालचा थर उचलला जातो आणि मूल मान मागे घेते. थोपटल्याने थर एकसारखा बसतो. वाघाच्या चेहऱ्यावर आधी तोंडाभोवती आणि भुवयांवर पांढरा, मग कपाळाच्या मध्याला पिवळा आणि कडेने नारिंगी असा फिक्याकडून गडदाकडे क्रम ठेवावा. दोन रंग जेथे मिळतात तेथे स्पंजाच्या जवळजवळ कोरड्या बाजूने हलके थोपटले की सीमारेषा विरघळते. काळे पट्टे स्पंजाने काढण्याचा मोह टाळावा. ते काम ब्रशचे आहे आणि खालचा थर पूर्ण वाळल्याशिवाय ते सुरू करू नये. पापणीवर रंग लावताना मुलाला डोळे घट्ट मिटायला न सांगता अलगद मिटायला सांगावे, कारण घट्ट मिटल्याने पापणीला सुरकुत्या पडतात आणि डोळा उघडल्यावर रंगात भेगा दिसतात. डोळ्याखाली रंगवताना त्याला वर पाहायला सांगावे.

आपण रंग कोणता वापरलात हे पत्रात लिहिलेले नाही, म्हणून एवढे आवर्जून सांगतो की पोस्टर कलर आणि ॲक्रिलिक रंग चेहऱ्यासाठी नाहीत. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ असे छापलेले असले तरी ते कागदावरच्या वापरापुरते असते. कातडीवर तासभर ठेवण्यासाठी ती हमी नसते. चेहऱ्याचा रंग सौंदर्यप्रसाधन म्हणून विकला जातो. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार त्याच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव, उत्पादन परवान्याचा क्रमांक, घटक आणि वापराची मुदत हे सर्व असावे लागते, आणि रंग परदेशी असेल तर आयात नोंदणीचा क्रमांकही असावा लागतो. हे काहीच छापलेले नसलेली डबी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचा लहान ठिपका लावून ठेवावा. लाली, खाज किंवा पुरळ आले तर त्या मुलाला मुखवटा द्यावा. आणि पांढरा सदरा शेवटी घालावा असे नव्हे, कारण तो डोक्यातून घालताना रंग पुसतो. तो आधीच घालून गळ्याभोवती जुना गडद पंचा चिमट्याने अडकवावा.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेत चेहरे रंगवण्याचा छोटा स्टॉल लावण्याचा मी आणि माझ्या बहिणीचा विचार आहे. गर्दीत प्रत्येक मुलासाठी नवा स्पंज परवडेल का? धुळीचे काय करावे?
— एक वाचक, शहादा

उत्तर : दादा, परवडेल का, यापेक्षा त्याशिवाय स्टॉल लावावा का, असा विचार करावा, आणि त्यावर आमचे मत स्पष्ट आहे : एका मुलाला लावलेला स्पंज न धुता दुसऱ्याला लावू नये. नायटा, डोळे येणे, तोंडाभोवतीचे पिकलेले फोड हे सगळे ओल्या स्पंजावरून सहज पसरते, आणि दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी दूरदूरच्या गावांहून आलेली लेकरे एकाच खुर्चीवर बसतात. खर्च मात्र वाटतो तितका नाही. एका अर्धगोलाच्या दोन टोकांवर दोन रंग घेता येतात, म्हणून ४० मुलांसाठी २० गोल स्पंज कापले की पुरेसे होतात, आणि ते धुऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरता येतात. स्वच्छ स्पंजांचा झाकणाचा डबा उजव्या हाताला, वापरलेल्यांचा डाव्या हाताला, आणि डाव्या डब्यातले काहीही त्या दिवशी पुन्हा बाहेर काढायचे नाही, एवढा नियम दोघांनी पाळला तरी घाईतला गोंधळ राहत नाही.

स्पंजाबरोबर वडीचाही विचार करावा लागतो. चेहऱ्याला लागलेला स्पंज पुन्हा वडीवर फिरवला की चेहऱ्यावरचे जंतू वडीवर येतात. म्हणून पहिल्याच वेळी पुरेसा रंग घ्यावा आणि अधिक लागल्यास स्पंजाच्या न वापरलेल्या बाजूने घ्यावा. दिवस संपल्यावर वडीचा वरचा थर ओल्या टिश्यूने पुसून ती उघडी ठेवून वाळू द्यावी. ओली वडी झाकण लावून ठेवली तर तिला बुरशी येते.

ज्याच्या गालावर खरचटले आहे त्याच्या हातावर फुलपाखरू काढावे. ज्याचे डोळे आले आहेत किंवा ज्याला पुरळ आहे त्याला प्रेमाने नाही म्हणावे आणि आईवडिलांना कारण सांगावे. तीन वर्षांखालील बाळाच्या चेहऱ्याला रंग लावू नये, कारण ते हात लगेच डोळ्यांत आणि तोंडात घालते.

यात्रेत भरणाऱ्या घोड्यांच्या बाजारातली धूळ ओल्या रंगावर चटकन बसते, आणि ज्या रंगात ग्लिसरिन जास्त असते तो चिकटपणा बराच वेळ धरतो. त्यामुळे जाड एका थरापेक्षा दोन पातळ थर द्यावेत, न लागणाऱ्या वड्यांची झाकणे बंद ठेवावीत आणि मुलाची पाठ वाऱ्याकडे करून त्याला बसवावे. मूल उंच स्टुलावर असले तर तुम्हाला वाकावे लागत नाही, हात स्थिर राहतो, आणि निम्मा राडा तिथेच थांबतो.

प्रश्न : वापरलेले स्पंज धुऊन उन्हात वाळवले तर काही महिन्यांतच त्यांचा चुरा होऊ लागतो. गादीवाल्याकडून फोमचे तुकडे आणून कापले तर चालेल का?
— एक गृहिणी, अमळनेर

उत्तर : ताई, गादीचा फोम वापरू नये. त्याची छिद्रे मोठी असतात, तुकड्यांना चिकटवणीचे अंश आणि दुकानातली धूळ लागलेली असते आणि तो चेहऱ्यासाठी बनवलेलाही नसतो.

स्पंजाचा चुरा उन्हाने होतो. आपल्याकडे उन्हात टाकले म्हणजे वस्तू शुद्ध झाली अशी पक्की समजूत आहे. कपड्यांच्या बाबतीत ती उपयोगी असली तरी असे बरेच स्पंज ज्याचे बनतात तो पॉलियुरेथेनचा फोम कडक उन्हातील अतिनील किरणांनी पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. वैशाखातल्या खानदेशी उन्हात तर फारच लवकर. स्पंज वापरल्यानंतर शक्य तितक्या लवकर, रंग आत वाळण्याआधी, कोमट पाण्यात सौम्य शांपू घालून धुवावेत. पिळून फिरवू नयेत, तळहातांत दाबावेत आणि निघणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत दाबत राहावे. रात्रभर भिजत घातल्याने ते फुगतात आणि त्यांना वास येतो. धुतल्यावर कोरड्या पंचात दाबून जाळीच्या पिशवीत घालावेत आणि पंख्याखाली किंवा ओसरीच्या सावलीत, वाऱ्यावर टांगावेत. आतून पूर्ण वाळल्याखेरीज डब्यात भरू नयेत. पावसाळ्यात यासाठी दोन दिवसही लागतील. लाल आणि निळ्या रंगाचा डाग राहिला तर काळजी नसावी, तो डागच असतो. आंबूस वास, काळे ठिपके किंवा निसटणारे तुकडे दिसले तर तो स्पंज फेकून द्यावा.

प्रश्न : सातपुड्यातील होळीच्या नाचात अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असते. आमच्या मुलांच्या नाचासाठी तशी नक्षी स्पंजाने काढता येईल का? काही जण भिंतीचा चुना वापरा म्हणतात.
— एक पालक, अक्कलकुवा

उत्तर : दादा, ठिपक्यांसाठी स्पंज उत्तम आहे. पेन्सिलीच्या मागच्या टोकावर बारीक स्पंजाचा गोल तुकडा दोऱ्याने घट्ट बांधावा, त्यावर दाट पांढरा रंग घ्यावा आणि सरळ टेकवून सरळ उचलावा. टोक तिरपे फिरवले की ठिपका फाटतो. प्रत्येक मुलासाठी तुकडा बदलावा. काठी या गावासारख्या ठिकाणच्या होळीत ही नक्षी अंगावर घेणारे नवस बोललेले, व्रतस्थ असतात, म्हणून मुलांच्या नाचात ती घेण्यापूर्वी तेथील जाणत्या मंडळींना विचारावे, अशी आमची विनंती आहे.

चुना मात्र कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. तो तीव्र अल्कधर्मी असतो. घाम आणि ओल यांत तो कातडी भाजतो आणि डोळ्यांत गेला तर दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. असे कोणाच्या बाबतीत घडलेच तर डोळा चोळू न देता लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान २० मिनिटे धुवावा आणि धुणे संपताच मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.