वडिलांचा राग माझ्या तोंडून का येतो?

प्रश्न: मुलगा तिसरीत आहे, मराठी शाळेत. संध्याकाळी कन्नडचा अभ्यास घेताना तो अडला की माझा आवाज चढतो, हात उठतो. माझे वडील करायचे अगदी तसंच. ते म्हणतात, "तुला मारलं म्हणूनच तू मार्गाला लागलास." हे पिढ्यान्‌पिढ्या असंच उतरत जातं का?
– एक पालक, खानापूर तालुका

उत्तर: उतरतं, पण अटळ नाही. मार खाल्लेले सगळेच पुढं हात उचलत नाहीत. डोकं शांत असतं तेव्हा आपण विचार करून वागतो. दमलेलो असलो की लहानपणी रोज पाहिलेलं आपसूक बाहेर येतं. अमेरिकेतल्या बालमानसतज्ज्ञ सेल्मा फ्रायबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडलं की ज्यांना मार आठवतो, पण त्या वेळची भीती आणि लाज आठवत नाही, त्यांच्या हातून तो पुन्हा घडण्याचा धोका जास्त. म्हणून 'बाबा कडक होते' एवढ्यावर थांबू नका. एक प्रसंग धरा. तेव्हा पोटात काय व्हायचं, कुणाकडं पळावंसं वाटायचं, हे पत्नीला सांगा किंवा लिहून काढा. वडिलांना दोषी ठरवण्यासाठी हे करायचं नाही.

आता कन्नडचं. मराठीत जोडाक्षरातलं पहिलं अक्षर सहसा अर्धं होतं. कन्नडमध्ये पहिलं पूर्ण राहतं आणि दुसरं त्याच्या खाली ओत्तक्षर म्हणून लागतं. शिवाय 'ए' आणि 'ओ' ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन. मुलगा तिथं अडत असेल तर तो आळस नव्हे. जेवण झाल्यावर पंधराच मिनिटं बसा, रोज पाच शब्द घ्या, त्यात ओत्तक्षराचे दोनच. बरोबर आलं की नुसतं 'शाब्बास' नको; "खालचं अक्षर नीट ओळखलंस" असं नेमकं सांगा.

हात उठण्याआधी दात आवळले जातात, तोच प्रश्न आपण तिसऱ्यांदा विचारतो. तिथंच उठा. "पाणी पिऊन येतो" म्हणा आणि पाच मिनिटांत खरंच परत या. नाही आलात तर मुलाला वाटतं, बाबा रुसले. तरीही ओरडलात, तर त्याच दिवशी "मी ओरडलो, ते चुकलं" एवढंच म्हणा. पुढं 'पण तूही...' जोडलंत की माफी वाया गेली. पहिले काही दिवस मूल मुद्दाम ताणून बघेल. उपाय फसला असं समजून तिथंच सोडू नका.

वडिलांशी मुलासमोर वाद नको. त्यांना रोजचं एक काम द्या: शब्द वाचून झाले की नातवानं ते आजोबांना ऐकवायचे, त्यांनी फक्त ऐकायचं. "गुरुजींना सांगून दोन रट्टे द्यायला लावा" असं ते म्हणाले, तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शाळेत मारायला बंदी आहे, हे सांगा.

मारल्याचे वळ उठत असतील, किंवा मुलगा पुन्हा अंथरुणात लघवी करू लागला असेल, तर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा, तुमच्या रागाबद्दल बोलायला १४४१६ ही सरकारची मोफत टेलि-मानस सेवा आहे.