शुक्रवारचे दहा शब्द

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. सोमवारी इंग्रजीचे दहा शब्द मिळतात, शुक्रवारी डिक्टेशन. प्रत्येक शब्द दहादा लिहून घेते, तरी 'फ्रेंड'मधले आय आणि ई उलटेच होतात. काय करू?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, दहादा लिहिणं आधी थांबवा. चौथ्या ओळीनंतर फक्त हात चालतो, डोकं खिडकीबाहेर. (मीही नातवाला असंच रगडलंय.) आता मी पोळ्या लाटते नि तो ओट्याशी पाटी घेऊन बसतो. शब्द नीट बघायचा, झाकायचा, लिहायचा, मग स्वतःच ताडून बघायचा. चुकलेल्या अक्षराखालीच रेघ. अख्खा शब्द खोडायचा नाही. रोज तीनच शब्द, शिवाय कालचे तोंडी.

आपली पोरं ऐकू येतं तसं लिहितात, मराठीत ते बहुतेक निभतं. म्हणून अडणारे शब्द घरात मुद्दाम वेडेवाकडे म्हणा : 'वेड-नेस-डे', 'क्नाइफ'. हा 'के' इंग्रज पूर्वी खरंच उच्चारायचे, हे कळल्यावर नातू दिवसभर 'क्नाइफ दे' म्हणत फिरला. 'फ्रेंड'च्या शेवटी 'एंड' लपलाय, तो तिलाच शोधू द्या. आणि गुरुवारी रात्री नवा शब्द नको.